वाचकांचे प्रश्न : व्होल्टेज, करंट आणि कॉइलचा उलटा दाब

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : मोटर किंवा कॉइल समोर आली की ओहमचा नियम चुकतो का? तो चुकत नाही. फक्त त्यात कोणतं व्होल्टेज घालायचं ते आधी ठरवावं लागतं. तारेच्या रेझिस्टन्सच्या वाट्याला पुरवठ्याचं सगळं व्होल्टेज येत नाही. बॅक ईएमएफ (कॉइल किंवा मोटर स्वतः उलट्या दिशेने निर्माण करते ते व्होल्टेज) वजा जाऊन जे उरतं, तेवढंच येतं. खालची सगळी उत्तरं या एका वजाबाकीतून निघतात.

प्रश्न : पुस्तकात दिलं आहे की कॉइलमधला बॅक ईएमएफ बॅटरीच्या व्होल्टेजइतकाच आणि विरुद्ध दिशेचा असतो. दोन्ही सारखे असतील तर बेरीज शून्य झाली. मग करंट वाहतोच कसा?
— डिप्लोमा (इलेक्ट्रिकल) प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, इचलकरंजी

ही शंका फार रास्त आहे आणि पुस्तकं ती घाईत ओलांडून जातात. बॅक ईएमएफ करंटमुळे निर्माण होत नाही, करंट बदलत असल्यामुळे होतो. करंट वाढायचा थांबला तर बॅक ईएमएफ त्याच क्षणी शून्य होईल आणि बॅटरीला अडवणारं काहीच राहणार नाही. म्हणून बॅक ईएमएफ करंटला 'थांबवतो' असं म्हणणं बरोबर नाही. तो करंट किती वेगाने वाढेल ते ठरवतो.

आकडे घालून पाहा. १२ व्होल्टची बॅटरी, ०.६ हेन्री इंडक्टन्सची कॉइल (इंडक्टन्स म्हणजे करंटच्या बदलाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण, हेन्री हे त्याचं एकक), तिच्या तारेचा रेझिस्टन्स २४ ओहम. स्विच दाबला त्या क्षणी करंट शून्य आहे, म्हणजे रेझिस्टन्सवर पडणारं व्होल्टेजही शून्य. पूर्ण १२ व्होल्ट इंडक्टन्सच्या वाट्याला आले. बॅक ईएमएफ म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट वाढण्याचा वेग. ०.६ ला कितीने गुणलं की १२ येतात? २० ने. तर करंट सेकंदाला २० अँपिअर या वेगाने वाढायला लागतो आणि पहिल्या मिलिसेकंदात सुमारे २० मिलिअँपिअरवर पोहोचतो. जसा करंट वाढतो तसा रेझिस्टन्स आपला वाटा मागू लागतो. २५ मिलिसेकंदांनी (०.६ भागिले २४) करंट ०.३१६ अँपिअर झालेला असतो. तेव्हा ७.६ व्होल्ट रेझिस्टन्सवर आणि ४.४ व्होल्ट बॅक ईएमएफ. १२५ मिलिसेकंदांनंतर करंट जवळजवळ ०.५ अँपिअर, बॅक ईएमएफ नावापुरता. प्रत्येक क्षणी दोघांची बेरीज १२ च.

हँडल मारून चालू करायच्या जुन्या ऑइल इंजिनाचं जड फ्लायव्हील आठवा. तुम्ही हँडलवर जेवढा जोर लावता तेवढाच जोर हँडल तुमच्या हातावर उलटा लावतं, तरी चाक फिरायला लागतं, कारण तो उलटा जोर चाकाचा वेग वाढत असल्यामुळेच येतो. वेग एकसारखा झाला की हाताला लागतो तो फक्त घर्षणाचा अडथळा. फ्लायव्हीलचं वजन म्हणजे इंडक्टन्स, घर्षण म्हणजे रेझिस्टन्स.

प्रयोगशाळेत हे पाहायचं असेल तर कॉइलच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावून उपयोग नाही. तो सतत १२ च दाखवेल, कारण तारेचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स एकाच वेटोळ्यात आहेत, त्यांना वेगळं करून मोजता येत नाही. कॉइलच्या मागे १ ओहमचा रेझिस्टर जोडा आणि ऑसिलोस्कोप त्या रेझिस्टरवर लावा. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे अँपिअर. शून्यापासून वळत वळत ०.४८ पर्यंत चढणारी रेघ दिसेल. (०.५ नाही, कारण आता एकूण रेझिस्टन्स २५ ओहम झाला.) फॅराडेने १८३१ मध्ये प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत व्होल्टेज निर्माण होणं) दाखवलं आणि लेंझने १८३४ मध्ये त्याच्या दिशेचा नियम मांडला. पुस्तकातल्या समीकरणात (ईएमएफ = उणे इंडक्टन्स गुणिले करंट वाढण्याचा वेग) जे उणे चिन्ह असतं ते लेंझचं आहे, आणि परीक्षेत सगळा घोटाळा तिथेच होतो. कॉइलला लोड मानून तिच्यावर पडणारं व्होल्टेज लिहायचं असेल तर चिन्ह अधिक घ्या. कॉइलला उगम मानून तिचा ईएमएफ लिहायचा असेल तर उणे. एकाच गणितात दोन्ही वापरू नका.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये १२ व्होल्टच्या डीसी मोटरचा रेझिस्टन्स मोजला, अर्धा ओहम आला. ओहमच्या नियमाने २४ अँपिअर यायला हवेत, पण क्लॅम्प मीटर २ अँपिअर दाखवतो. कोणतं मोजमाप चुकलं?
— आयटीआय प्रशिक्षणार्थी, अहिल्यानगर

दोन्ही बरोबर आहेत. मोटरचा आर्मेचर (फिरणारं वेटोळं) चुंबकीय क्षेत्रात फिरतो म्हणून तो त्याच वेळी जनरेटरही असतो. तुमच्या मोटरमध्ये २ अँपिअर वाहत असताना अर्ध्या ओहमवर १ व्होल्ट खर्च होतो. उरलेले ११ व्होल्ट हा बॅक ईएमएफ. २४ वॉटपैकी २ वॉट तारेत उष्णता होऊन जातात आणि २२ वॉट यांत्रिक कामाला लागतात (त्यातले काही बेअरिंग, ब्रश आणि लोखंडाच्या तापण्यात जातात). म्हणजे बॅक ईएमएफ ही मोटरमधली अडचण नाही. बॅक ईएमएफ गुणिले करंट म्हणजेच मोटरने विजेचं कामात केलेलं रूपांतर.

आता शाफ्ट पकडीत घट्ट धरा. वेग शून्य, बॅक ईएमएफ शून्य, आणि तुमचे २४ अँपिअर खरोखर येतील. तेव्हा पूर्ण २८८ वॉट त्या लहानशा वेटोळ्यात उष्णता होतात. काही सेकंदांत वार्निशचा वास येतो. म्हणून अशा मोटरचा फ्यूज निवडताना चालू करंट आणि अडकलेला करंट दोन्ही बघावे लागतात. ३ अँपिअरचा जलद तुटणारा फ्यूज दर वेळी सुरू करतानाच उडेल. ५ अँपिअरचा स्लो-ब्लो लावला तर सुरुवातीचा झटका सहन करतो आणि मोटर अडकून राहिली तर काही सेकंदांत तुटतो.

मापनाबद्दल एक सूचना. अर्धा ओहम साध्या मल्टिमीटरने मोजताना प्रोबच्या वायरचा रेझिस्टन्सच ०.२–०.३ ओहम भरतो. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. शाफ्ट अजिबात हलू देऊ नका, कारण हाताने हलवलेली मोटर स्वतः व्होल्टेज तयार करते आणि मीटर भलतंच वाचतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे शाफ्ट जखडून बेंच सप्लायवरून १ व्होल्ट द्यायचा आणि करंट वाचायचा. २ अँपिअर आला तर अर्धा ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच ठिकाणी हे करा, म्हणजे कॉम्युटेटरचा (ब्रशकडून करंट घेणाऱ्या फिरत्या भागाचा) एखादा खराब भागही सापडेल.

मोठ्या डीसी मोटरना तर थेट व्होल्टेज देताच येत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेवरची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. अशा डीसी लोकलमध्ये मोटरच्या मागे रेझिस्टन्स जोडून गाडी सुरू करत. वेग वाढून बॅक ईएमएफ चढला की ते रेझिस्टन्स पायरीपायरीने काढून टाकत आणि मोटरची जोडणी आधी एकामागोमाग, नंतर समांतर करत.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज ३०० पर्यंत उतरतं. ५ एचपीची मोटर दोन वर्षांत दोनदा जळाली. रिवायंडिंगवाला म्हणतो 'कमी व्होल्टेजने जळाली'. व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी, मग जळेल कशी?
— शेतकरी, बार्शी तालुका

व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी, हे बल्ब आणि शेगडीला लागू पडतं. मोटरला नाही. तुमचा रिवायंडिंगवाला बरोबर सांगतो आहे.

थ्री फेज इंडक्शन मोटरमध्ये स्टेटरचं (स्थिर भागाचं) चुंबकीय क्षेत्र दोन पोलच्या मोटरला मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतं आणि रोटर (फिरणारा भाग) पूर्ण लोडवर साधारण २८८० ने. या १२० फेऱ्यांच्या फरकाला स्लिप म्हणतात, इथे ४ टक्के. रोटरच्या सळ्यांत व्होल्टेज निर्माण होतं ते या फरकामुळेच, आणि फरक जितका मोठा तितका रोटरचा करंट मोठा. तो करंट स्टेटरला पुरवावा लागतो, अगदी ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू प्राथमिक बाजूकडून मागून घेते तसा.

पंपाला वरच्या टाकीत पाणी चढवायचं आहे. त्याची मागणी ३०० व्होल्टला कमी होत नाही. पण ठरावीक स्लिपवर मोटर जेवढा टॉर्क देऊ शकते तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ ऐवजी ३०० म्हणजे ७२ टक्के व्होल्टेज आणि फक्त ५२ टक्के टॉर्क. तेवढ्यात भागत नाही म्हणून रोटर थोडा मागे पडतो, स्लिप वाढते, रोटरचा करंट वाढतो आणि टॉर्क पुन्हा पुरेसा होतो. काम जवळजवळ तेवढंच, व्होल्टेज कमी, म्हणून करंट जास्त. पाटीवर ७.५ अँपिअर लिहिलेली मोटर ३०० व्होल्टला १० च्या पुढे जाते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे साधारण १.९ पट. ही मोटर तासाभरात जळत नाही. तिचं इन्सुलेशन हळूहळू कडक होऊन तडकतं आणि मग एखाद्या दिवशी 'अचानक' जळते.

त्याहून वाईट म्हणजे कमी व्होल्टेजवर मोटर सुरू करणं. उभ्या रोटरची स्लिप १०० टक्के. पूर्ण व्होल्टेजला त्या वेळी करंट सुमारे सहापट असतो, पण एक-दोन सेकंदांत रोटर वेग घेतो आणि करंट उतरतो. ३०० व्होल्टला टॉर्क अपुरा पडला आणि पंप हललाच नाही, तर सव्वाचार पट करंट वाहतच राहतो. उष्णता अठरा-एकोणीस पट. मोटर नुसती घुमते तेव्हा हेच चाललेलं असतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

काय करायचं :

व्होल्टेज मोटर चालू असताना, स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर मोजा. बंद मोटरवर मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं. विहिरीपर्यंत १०० मीटर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल असेल तर चालताना सुमारे ८ व्होल्ट केबलमध्येच जातात, सुरू होताना त्याच्या तीन-चार पट. ३७० च्या खाली वाचन आलं तर मोटर चालवणं टाळा आणि अंडर-व्होल्टेजला बंद करणारं संरक्षण बसवा.

ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचा) डायल पाटीवरच्या करंटवरच ठेवा. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून डायल ९–१० वर फिरवणं हे मोटर जळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या फेजच्या वाटेत असेल तर सेटिंग पाटीवरच्या करंटच्या ०.५८ पट हवं. तिथे पूर्ण आकडा लावला तर संरक्षण नसल्यासारखंच.

तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा, फक्त व्होल्टेजवर विसंबू नका. चालू मोटरचा एक फेज गेला तरी ती उरलेल्या दोनवर फिरत राहते आणि त्या दोन वायरमध्ये करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. गंमत अशी की गेलेल्या फेजच्या टोकावर व्होल्टमीटर तरीही बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो, कारण फिरणारी मोटर ते व्होल्टेज स्वतःच बॅक ईएमएफने तयार करते. अनेक जण इथे फसतात आणि 'तिन्ही फेज आहेत' म्हणून पुढे जातात. फक्त व्होल्टेज पाहणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरही (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) यात चकू शकतो. करंट पाहणारा घ्या. कोणता किटकॅट (फ्यूज) गेला ते शोधायचं असेल तर मीटरचे प्रोब त्याच किटकॅटच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांना लावा. तिथे व्होल्टेज दिसलं तर तो गेलेला आहे.

प्रश्न : लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून ऑटो स्विच लावला आहे. महावितरण तो काढून कपॅसिटर लावायला सांगते. एका माझ्या स्विचने काय बिघडतं?
— शेतकरी, निफाड तालुका

तुमच्या एकट्याच्या स्विचने काहीच नाही. एका डीपीवर (वितरण ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचे आहेत, अडचण ती आहे. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण करंट सुमारे १३३ अँपिअर. त्यावर ५ एचपीच्या १५ मोटर चालत असतील तर ११२ अँपिअर, म्हणजे ठीक. पण लाईट आल्या आल्या पंधराही मोटर एकदम सुरू झाल्या तर प्रत्येकीचे ४५ मिळून ६७५ अँपिअर. व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे कोणत्याच मोटरला वेग घ्यायला टॉर्क मिळत नाही, आणि वेग नाही म्हणून करंट उतरत नाही. शेवटी डीपीचे फ्यूज जातात, नाही तर डीपीच जळते. मग सगळं शिवार अंधारात.

आणखी एक धोका क्वचितच सांगितला जातो. लाईट क्षणभर जाऊन आली तर रोटर अजून फिरतच असतो आणि मोटरच्या टोकांवर बॅक ईएमएफ शिल्लक असतो. परत आलेला पुरवठा आणि हा शिल्लक दाब उलट्या दिशेला भेटले तर त्यांची बेरीज होते, आणि झटका नेहमीच्या सुरुवातीच्या करंटच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. शाफ्टच्या कपलिंगलाही तो बसतो.

आपोआप चालू होणं गरजेचंच असेल तर उशीर ठरवता येणारा टायमर बसवा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून वेगवेगळ्या वेळा वाटून घ्या : कोणी ३० सेकंद, कोणी १ मिनिट, कोणी दीड. कपॅसिटरचा सल्लाही योग्य आहे. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा लावतात. ०.८ पॉवर फॅक्टरची, ७.५ अँपिअर घेणारी मोटर त्याने लाइनमधून सव्वासहा अँपिअरच घेते. जास्त मोठा लावला तर जास्त फायदा, असं मात्र नाही. प्रमाणाबाहेर कपॅसिटर असेल तर लाईट गेल्यावर फिरती मोटर त्याच्या आधाराने जनरेटर बनते आणि टोकांवरचं व्होल्टेज धोक्याइतकं चढू शकतं. कपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला असेल तर रिलेला फक्त सव्वासहा दिसतात. डायल त्याप्रमाणे खाली आणा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं.

प्रश्न : मोबाईलवरून पंप चालू करण्यासाठी मायक्रोकंट्रोलर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले असं सर्किट केलं. काही दिवसांत ट्रान्झिस्टर गेला. डायोड लावल्यावर तो टिकला, म्हणून २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइललाही डायोड लावला, तर तो फुटलाच. शिवाय कॉन्टॅक्टर सुटताना बोर्ड रीसेट होतो.
— छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारा वाचक, डोंबिवली

आधी ट्रान्झिस्टर. लहान १२ व्होल्ट रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल तो ३० मिलिअँपिअर एकदम सोडायला तयार नसते. त्याला जी वाट मिळेल तीतून ती तो ढकलते, आणि त्या वाटेचा रेझिस्टन्स जेवढा तेवढं व्होल्टेज आपोआप उभं राहतं. सगळ्या कॉइलसाठी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तोडताना किती व्होल्टेज येईल हे बॅटरी ठरवत नाही, तुम्ही करंटला ठेवलेली वाट ठरवते. काहीच वाट नसेल तर दाब शेकडो व्होल्टवर जातो, आणि बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्टची आहे. दर वेळी तो थोडा थोडा मार खातो आणि एक दिवस शॉर्ट होतो.

१एन४००७ डायोड कॉइलच्या समांतर, पट्ट्याची बाजू १२ व्होल्टच्या धन टोकाला. रिलेच्या पायांजवळच जोडा, लांब वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. बेसचा रेझिस्टर ५ व्होल्टच्या बोर्डला २.२ किलोओहम, ३.३ व्होल्टच्या बोर्डला १ किलोओहम, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. नुसत्या डायोडने एक दुष्परिणाम होतो : करंट ०.७ व्होल्टच्या वाटेने रेंगाळत उतरतो, रिले उशिरा आणि संथ सुटतो, आणि कॉन्टॅक्टवरची ठिणगी लांबते. ते नको असेल तर डायोडच्या मागे, उलट्या दिशेने, २४ व्होल्टचा झेनर जोडा. कलेक्टरवर १२ अधिक २४ अधिक ०.७, म्हणजे सुमारे ३७ व्होल्ट येतील. ४५ च्या आत, आणि रिले चटकन सुटेल.

कॉन्टॅक्टरची कॉइल एसीवरची आहे. दर दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात डायोड २३० व्होल्टला थेट शॉर्ट करतो, म्हणून फुटला. तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि १०० ओहम अर्ध्या वॉटचा रेझिस्टर एकामागोमाग जोडून तो संच कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर लावा. सोबत २७५ व्होल्टचा एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज शोषून घेणारा भाग) लावला तर उत्तम. हा संच रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावू नका. उघड्या कॉन्टॅक्टमधूनही त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर गळत राहतो आणि लहान कॉइल त्यावर सुटतच नाही. बोर्ड रीसेट होण्याचं कारणही कॉइल तुटतानाचा हाच झटका आहे. संच लावल्यावर आणि २३० व्होल्टच्या वायर बोर्डपासून दूर नेल्यावर तो बहुधा थांबेल.

कॉन्टॅक्टर कमी व्होल्टेजला भिरभिरत असेल तर तेही आताच सोडवा. एसी कॉइलचा करंट मुख्यतः तिच्या इंडक्टन्सने रोखलेला असतो आणि लोखंड पूर्ण मिटल्यावरच इंडक्टन्स वाढतो. मिटलंच नाही, तर कॉइल कितीतरी पट करंट घेत राहते आणि जळते. लोखंडाच्या पृष्ठभागात अडकलेली माती किंवा माशी एवढंही त्याला पुरतं.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जुन्या काट्याच्या मल्टिमीटरने तपासताना प्रोब काढल्यावर विद्यार्थ्याला शॉक बसला. मीटरमध्ये ३ व्होल्टचे सेल आहेत. हे शक्य आहे का?
— विज्ञान शिक्षक, रत्नागिरी

शक्य आहे, आणि वरच्या उत्तरातला नियमच इथे लागतो. समजा वाइंडिंग १०० ओहम आणि १० हेन्रीची आहे आणि मीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स २० ओहम. ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर २५ मिलिअँपिअर वाहतो. विद्यार्थी प्रोबच्या धातूच्या टोकांवर बोटं ठेवून धरत असेल, तर प्रोब उचलताच तो २५ मिलिअँपिअर त्याच्या शरीरातून जायला बघतो. बोटांमधला रेझिस्टन्स १० किलोओहम धरला तर २५० व्होल्ट. मिलिसेकंदाच्या आसपास तो संपतो, म्हणून चटका बसतो पण सहसा इजा होत नाही. डिजिटल मीटर यात फारच कमी करंट सोडतो. प्रोब प्लॅस्टिकला धरायचे, किंवा मगरपकड लावून मग हात काढायचा.

मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला मात्र ही बाब जिवाची आहे. तिथे वाइंडिंगचा रेझिस्टन्स कित्येक अँपिअर डीसी देऊन मोजतात. करंट पूर्ण उतरल्याची खूण मीटर देईपर्यंत वायर काढायची नसते.

प्रश्न : चोकच्या ट्यूबलाइटला स्टार्टर दोन-तीनदा लुकलुकून मगच ती का लागते?
— वाचक, परभणी

चोक ही कॉइलच आहे. स्टार्टर उघडतो तेव्हा चोकचा करंट तुटतो आणि झटक्याच्या व्होल्टेजने ट्यूब पेटते. पण करंट एसी आहे. स्टार्टर नेमका करंट शून्याच्या जवळ असताना उघडला तर चोकमध्ये साठलेलं काहीच नसतं आणि झटका बसत नाही. कधी चांगल्या क्षणी उघडतो, कधी नाही. दहा-बारा वेळा होऊनही लागत नसेल तर आधी स्टार्टर बदला. टोकं काळी पडली असतील तर ट्यूब गेली.

प्रश्न : इलेक्ट्रिक सायकलचं मागचं चाक बंद असतानाही हाताने फिरवायला जड लागतं, अडखळत फिरतं. बेअरिंग बदललं, फरक नाही.
— सायकल दुरुस्ती करणारे वाचक, मडगाव

बेअरिंग नसणार. हब मोटरच्या तीन जाड फेज वायर एकमेकींना कुठेतरी टेकल्या की फिरत्या चाकाच्या बॅक ईएमएफला बंद वाट मिळते, करंट वाहतो आणि लेंझच्या नियमाने तो चाकालाच विरोध करतो. बॅटरी काढलेली असली तरी हे होतं.

बॅटरी सोडवा, मग तिन्ही फेज वायर कंट्रोलरपासून वेगळ्या करा आणि एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवा. चाक मोकळं झालं तर कंट्रोलरचे मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत. तसंच जड राहिलं तर दोष मोटरमध्ये आहे. बहुतेक वेळा अ‍ॅक्सलमधून वायर बाहेर येतात तिथे पिळवटून किंवा तापून त्यांचं आवरण वितळलेलं असतं. चाक मोकळं झालेलं असेल तर मोटर चांगली आहे का तेही लगेच तपासा. दोन-दोन वायर जोडून चाक फिरवा. तिन्ही जोड्यांना सारखाच अडखळता विरोध जाणवला पाहिजे. दोन जोड्या हलक्या आणि एकच जड लागली, तर दोन्ही हलक्या जोड्यांत असलेली वायर आतून तुटली आहे.